तुम्ही विचारलंत म्हणून: वीज दिल्यावर नेमके काय बदलते?

द्रवस्फटिकांवर काम करतो असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: वीज दिली की त्या पदार्थात नेमके काय बदलते? माझे उत्तर असे की पदार्थ तोच राहतो. बदलते ती त्याच्या रेणूंची दिशा.

हे रेणू लांबट असतात आणि द्रवासारखे वाहत असूनही साधारण एकाच दिशेला तोंड करून राहतात. त्यामुळे रेणूंच्या लांबीला समांतर कंप पावणाऱ्या प्रकाशासाठी अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो याचे माप) एक असतो आणि आडव्या कंपनासाठी दुसरा. ५सीबी या सुपरिचित संयुगात ते खोलीच्या तापमानाला सुमारे १.७१ आणि १.५३ आहेत. हा फरक किरकोळ वाटेल; पण दोन काचांमध्ये धरलेल्या अवघ्या ५ मायक्रोमीटर जाडीच्या थरातून जाताना त्यामुळे प्रकाशाचे दोन घटक ०.९ मायक्रोमीटरने, म्हणजे लाल प्रकाशाच्या एका तरंगलांबीहून अधिक, मागेपुढे होतात. विद्युतक्षेत्राने रेणू कलले की हे अंतर कमी होत जाते आणि व्होल्टता हळूहळू वाढवून ते हवे तिथे थांबवता येते. मला या विषयाकडे ओढले ते याच गोष्टीने.

मात्र रेणू लगेच कलत नाहीत. काचांलगतचे रेणू पृष्ठभागाला घट्ट धरून असतात आणि मधल्यांनाही आवरतात, म्हणून एका ठरावीक व्होल्टतेपर्यंत काहीच घडत नाही. ५सीबीसाठी ती एक व्होल्टहूनही कमी असते आणि थराच्या जाडीवर अवलंबून नसते. थर जाड केला तर तेवढ्याच व्होल्टतेला क्षेत्र क्षीण होते हे खरे, पण काचांपासून दूर गेलेल्या मधल्या रेणूंवरची पकडही सैल होते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत भरून काढतात. (वीज प्रत्यावर्तीच द्यावी लागते, नाहीतर अशुद्धींचे आयन एका काचेशी साचतात. क्षेत्राची दिशा उलटली तरी हे रेणू उलटे फिरत नाहीत, त्यामुळे काही बिघडत नाही.)

खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे. वीज बंद केल्यावर रेणूंना मूळ जागी आणते ती केवळ थराची स्थितिस्थापकता, आणि तिला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर निम्मा केला तर वेळ चौथाईवर येतो, परंतु प्रकाशाच्या घटकांमधले अंतरही निम्मे होते. म्हणूनच दोन अपवर्तनांकांतील फरक अधिक आणि श्यानता कमी असलेल्या मिश्रणांचा आम्ही शोध घेत असतो.