टेबलावर मोजा, डोक्यावर टोपी

भाचीने फोनवर फोटो दाखवला. "मावशी, अश्शी टोपी हवी. डोक्याला चापून बसणारी, खाली दुमडलेली, वर नुसत्या उभ्या रेघा. आणि गोंडा लावलास तर मी घालणार नाही हं!"

आजवर इतके स्वेटर विणले, बाळांचे मोजे तर मोजलेच नाहीत. त्यामुळे दोन टाके सुलट, दोन उलट असं गोल गोल फिरायचं, त्यात काय एवढं, असं वाटलं. दोन संध्याकाळींचं काम. लागले तीन आठवडे.

४.५ मिमीची, ४० सेंटीमीटर लांबीची गोल सुई घेतली आणि अंदाजाने ९६ टाके घातले. चारने भाग जाणारा आकडा हवा, नाहीतर जिथे फेरा जुळतो तिथे रेघा तुटतात. गोल जोडताना टाक्यांना पीळ पडलेला नाही हे दोनदा पाहिलं, कारण तो पीळ पुढे कशानेच सुटत नाही, सगळं उसवावंच लागतं. सात-आठ सेंटीमीटर विणून टेबलावर ठेवलं तर काय, लहान मुलाच्या पायातला मोजा! हे हिच्या डोक्यात कसं जाणार? उसवलं.

मग हिशेब केला. माझी साधी, बिनरेघांची वीण १० सेंटीमीटरला २० टाके येते. भाचीचं डोकं ५६ सेंटीमीटर. म्हणजे ११२ टाके. गणित बरोबर, टोपी चूक. पूर्ण विणून तिच्या डोक्यावर घातली तर भुवयांवरून सरळ नाकापर्यंत. ती काही बोलली नाही, नुसती आतून हसत राहिली. टोपी हलत होती त्यावरून कळलं.

चूक अशी की मी साध्या विणीचं माप या दोन सुलट, दोन उलट विणीला लावलं होतं. यात सुलट टाक्यांची रांग पुढे येते, उलट टाक्यांची मागे सरकते, आणि कापड पंख्यासारखं मिटतं. मिटलेलं असताना ते अरुंद दिसतं, पण ताणलं की उघडतं. चापून बसायची तर टोपीचं माप डोक्यापेक्षा सात-आठ सेंटीमीटर कमीच धरायला हवं. ९६ टाक्यांचं साध्या विणीच्या हिशेबाने होतं ४८ सेंटीमीटर. म्हणजे पहिला अंदाजच बरोबर होता, मीच टेबलावरच्या मोज्याला घाबरले. बोटांना माहीत होतं, डोक्याला नव्हतं.

पुन्हा ९६. या वेळी टाके एक माप मोठ्या सुईवर घातले, म्हणजे कड सैल राहते आणि कपाळावर वळ उठत नाही. दर दोन टाक्यांनी दोरा पुढे, दोरा मागे. एकदा जरी आणायचा विसरलात तर सुईवर आगाऊ वेढा पडतो आणि पुढच्या फेऱ्यात एक टाका जास्त.

निम्म्यावर आले आणि दिसलं की बारा ओळी खाली सुलट टाक्यांच्या एका वेणीत मधेच मणी. सुलटच्या जागी उलट घातलेला. पूर्वी मी सरळ बारा ओळी उसवल्या असत्या. आता तेवढा एकच टाका सुईवरून सोडला. तो खाली खाली घरंगळत गेला आणि मागे आडव्या दोऱ्यांचा जिना उरला. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी टाक्यातून ओढून घेत वर आले. ही चार मिनिटं मला अख्ख्या टोपीपेक्षा जास्त आवडली, खरं सांगते.

२१ सेंटीमीटर झाल्यावर शेंडा. आधी प्रत्येक ठिकाणचे दोन उलट एकत्र, ९६ चे ७२. दोन फेरे तसेच. मग दोन सुलट एकत्र, ४८. एक साधा फेरा, मग सरसकट दोनाचा एक करत २४, आणि पुन्हा तसंच करून १२. इथे गोल सुई पुरत नाही, टाके ताणले जातात, म्हणून दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर घ्यायचे. शेवटी बारा टाक्यांतून दोरा ओवून ओढला की सगळ्या रेघा छत्रीच्या काड्यांसारख्या मधोमध येऊन मिळतात. गोंडा नको म्हणाली ते बरंच झालं, हे सगळं झाकलं गेलं असतं.

आणखी एक फजिती. सुरुवातीचा दोरा नेहमीच्या सवयीने आतल्या बाजूला लपवला. खालची सहा सेंटीमीटर पट्टी दुमडली तर आतली बाजूच बाहेर! ही वीण दोन्हीकडून सारखी दिसते म्हणून तर दुमड शोभते, पण दोऱ्याचं शेपूट काही सारखं दिसत नाही. काढून बाहेरच्या बाजूने ओवलं, दुमडीत गेलं.

इस्त्री अजिबात नाही. मागे ॲक्रिलिकच्या मफलरला वाफ दिली होती, तो असा लोळागोळा झाला की परत मिटलाच नाही.

भाची टोपी घालून गेली, आरशात तीनदा बघून. ११२ वाली उसवली. कुरळ्या झालेल्या लोकरीची लड करून धुतली आणि खाली थोडं वजन अडकवून वाळत घातली आहे. तिच्या भावालाही हवी आहे म्हणे. त्याचं डोकं ५८ आहे. १०० टाके घालणार, आणि टेबलावर ठेवून बघणार नाही.