रायफलचं बॅरल (नळी) स्टेनलेसचं की क्रोम-मॉलीचं?

वरळीच्या शूटिंग रेंजवर नवीन आलेली पोरं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं, स्टेनलेस घे, गंजत नाही. हे अर्धंच खरं आहे हो! बॅरलला वापरतात ते ४१६आर स्टील म्हणजे आपल्या किचनमधल्या डब्यांचं ३०४ नव्हे. त्यात क्रोमियम साधारण १२-१३ टक्के असतं, पण मशीनिंग सोपं जावं म्हणून सल्फर मुद्दाम घातलेलं असतं, त्यामुळे गंजाशी लढायची ताकद कमी होते. जुलैच्या दमट हवेत, त्यात समुद्राचं मीठ, तेही डाग धरतं. क्रोम-मॉली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं स्टील, ४१४० वगैरे, त्यात क्रोमियम जेमतेम १ टक्का, म्हणजे तेलाचा हात रोज फिरवायलाच हवा.

मग टार्गेटवाले स्टेनलेस का घेतात? कारण सेंटरफायरमधे, म्हणजे जास्त प्रेशरच्या काडतुसांच्या रायफलींत, गरम गॅसने चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) पुढचा भाग, थ्रोट, झिजत जातो आणि स्टेनलेस तिथे साधारणपणे जास्त दिवस अचूकता टिकवतं, पण गेलं की झपाट्याने जातं, क्रोम-मॉली हळूहळू बिघडतं असा बऱ्याच जणांचा अनुभव.

पण आपण बहुतेक जण पॉईंट टू टू (.२२ इंची छोटी रायफल) मारतो, स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ब्राँझ आणलं तीच ५० मीटर. शिशाची मऊ गोळी, प्रेशर कमी, थ्रोट झिजायची भीती जवळजवळ नाहीच. तिथे मला धातूपेक्षा बोअर (नळीचं आतलं भोक) किती सरळ आणि गुळगुळीत, क्राऊन (नळीच्या तोंडाची कड) कसा कापलाय आणि अॅम्युनिशनचा कुठला लॉट (कारखान्यातली बॅच) जुळतो हेच महत्त्वाचं वाटतं, उरलेले पैसे त्या लॉट टेस्टिंगला घाला. आणि पावसाळ्यात रायफल फोमच्या केसमधे बंद ठेवू नका, प्लीज, फोम ओल धरतो.