खोनोमा, नागालँड: कोहिमाहून धावतपळत जाऊन येऊ नका, गावात राहा

कोहिमापासून खोनोमा जेमतेम 20 किलोमीटर, त्यामुळे बहुतेक टूरवाले सकाळी गाडी काढतात, दगडी वेशीपाशी फोटो, गावातून एक चक्कर की लगेच परत. त्यातून गावाच्या हातात एंट्री फी सोडून फारसं काही पडत नाही. आम्ही मुद्दाम गावातल्या होमस्टेत राहिलो आणि जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगेन.

हे अंगामी नागांचं गाव. शिकार इथे पिढ्यानपिढ्याची, पोटासाठी आणि मानासाठीसुद्धा. 1993 मध्ये शिकारीच्या एका स्पर्धेत आठवडाभरात 300 च्या आसपास ब्लिथ्स ट्रॅगोपन (रानकोंबड्यासारखा पक्षी) मारले गेले असं सांगतात, आणि हा नागालँडचा राज्यपक्षी! मग गावातल्याच जाणत्या माणसांनी विषय लावून धरला, विरोधही झाला, पण 1998 मध्ये साधारण 20 चौरस किलोमीटर जंगल राखीव झालं आणि शिकार बंद. हे गावाने केलं, सरकारने नाही. घटनेच्या कलम 371अ मुळे तिथल्या जमिनीवर रूढीप्रमाणे गावाचा आणि कुळांचाच हक्क आहे, म्हणजे उद्या गावाला परवडेनासं झालं तर हे जंगल टिकवणार कोण? म्हणून आपला पैसा कोहिमाच्या हॉटेलात न जाता इथे उतरायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

गाईड गावातलाच घ्या. नुसता जंगलापुरता नको, गावात फिरायलासुद्धा घ्या. आमचा गाईड आम्हाला अल्डर नावाच्या झाडांच्या शेतात घेऊन गेला, एकट्याने गेलो असतो तर नुसती वाकडीतिकडी झाडं दिसली असती. ही झाडं मुळापासून तोडत नाहीत, माणसाच्या उंचीच्या जरा वर छाटतात, फांद्या सरपणाला जातात आणि खाली पीक घेतात, मग शेताला विश्रांती की तिथूनच परत धुमारे. वर्षानुवर्षं छाटून छाटून बुंध्याच्या टोकाला वळलेल्या मुठीसारख्या गाठी आल्यात, हात फिरवून बघितल्या. मुळांवरच्या गाठींमुळे हवेतला नायट्रोजन मातीत उतरतो, म्हणून बाहेरचं खत न घालता जमीन कसदार राहते. डोंगर उघडाबोडका न करता केलेली फिरती शेती मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

पक्षी बघायला जाणार असाल तर मोबाईलवर त्यांचा आवाज वाजवून बोलवू नका प्लीज, विणीच्या दिवसांत तर अजिबातच नाही. ट्रॅगोपन लाजाळू आहे, दिसेलच असं नाही, आम्हाला दिसला नाही आणि तरी पहाटेचं ते जंगल पूर्ण वसूल.

आता कामाच्या गोष्टी. आयएलपी म्हणजे इनर लाईन परमिट, नागालँडमध्ये शिरायचा सरकारी परवाना, लागतंच, ऑनलाईन निघतं, निघायच्या आधीच काढा आणि प्रिंट जवळ ठेवा. दिमापूरपर्यंत ट्रेन किंवा विमान, तिथून कोहिमा शेअर टॅक्सीने. पुढे खोनोमाच्या शेअर गाड्या मोजक्याच, वेळा होमस्टेवाल्यांनाच फोन करून विचारा, गाडीही तेच गावातली बघून देतात. कॅश न्या, सुट्टे जास्त. जेवण आधी सांगून ठेवा, कारण ते आपल्यापुरतंच शिजवतात, आणि शाकाहारी असाल तर तेही स्पष्ट सांगा, भात, भाज्या, डाळ व्यवस्थित मिळतं. चुलीवर टांगलेलं मांस बघून नाकं मुरडू नका, त्यांचं स्वयंपाकघर आहे ते. पाण्याची बाटली स्वतःची, आणि वेफर्सची पाकिटं वगैरे आपल्याच बॅगेतून परत आणा, डोंगरातल्या गावाने आपलं प्लॅस्टिक कुठे टाकायचं? वेताबांबूच्या टोपल्या विणतात त्या थेट घरातून घ्या, घासाघीस करू नका, विणताना बघितलंत तर तशीही करावीशी वाटणार नाही.

रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असतं आणि बाकी सगळं बंद, त्यामुळे पोचायचा किंवा निघायचा दिवस रविवार ठेवू नका. डिसेंबरच्या 1 ते 10 तारखेला कोहिमाजवळच्या किसामाला हॉर्नबिल फेस्टिव्हल, नागा जमातींचा मोठा उत्सव, असतो, तेव्हा आसपास खोल्या मिळणं अवघड. शांतपणे राहायचं असेल तर ते दिवस सोडून जा, आणि थंडीत साडेचारलाच अंधारायला लागतं, तेव्हा सकाळी लवकर बाहेर पडा.