तंटामुक्तीचा फलक आणि रात्रभराचं नाटक

ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेचा पूल आणि पलीकडे वडसा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखातल्या, नाटक कंपन्यांचं हे मुख्य ठाणं. मी मात्र आणखी आत, कुरखेड्याच्या बाजूला, मित्राच्या सासुरवाडीला निघालो होतो. बांध्यांतला धान कापून झालेला, पुंजणे रचलेले. गावात मंडई, म्हणजे इकडची दिवाळीनंतरची जत्रा, आणि रात्री नाटक.

वेशीवर 'तंटामुक्त गाव'चा उडालेल्या रंगाचा फलक. सरकारने २००७ साली ही मोहीम काढली: गावातले तंटे गावातच मिटवा, बक्षीस घ्या. गडचिरोलीत शांततेचा सरकारी निरोप असाच येतो, भिंतीवर रंगवून नाहीतर कलापथकाच्या तोंडून. संहिता ऑफिसात मंजूर झालेली, त्यामुळे पहिल्या दोन वाक्यांतच शेवट कळतो. पैसा खर्च होतो, बिलं निघतात, लोक उठून जातात.

नाटकाला मात्र लोक उजाडेपर्यंत हलत नाहीत. याच कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती आयुष्यभर झाडीपट्टी गाजवल्याबद्दल. नक्षलग्रस्त भागातल्या तरुणांना परत माणसांत आणण्याच्या त्यांच्या कामाचीही तेव्हा दखल घेतली गेली. (पद्मश्रीआधी पुण्या-मुंबईत किती जणांनी हे नाव ऐकलं होतं, देव जाणे.)

या गावात सरपंचकीवरून दोन गट पडलेले, एकमेकांच्या लग्नालाही न जाणारे. तिकिटाच्या टेबलाशी मात्र एका गटाचा माणूस तिकिटं फाडत होता आणि त्याला खेटून बसलेला दुसऱ्या गटाचा नोटा मोजून डब्यात टाकत होता. मंडळाचे काका हसले, "भरोसा नाई जी एकमेकावर, म्हणून दोघंही बसवले."

वर्गणी दोन्हीकडची. नाटक पडलं तर दोघांचेही पैसे बुडणार. समेटाचं एवढं पक्कं कारण मला कुठल्या भित्तिचित्रात दिसलेलं नाही.

"सरकारनं अनुदान दिलं तर?" मी विचारलं.

"द्यावं न जी. मंडप द्यावा, लाईट द्यावा, बायांसाठी संडास बांधावा. नाटक कोणतं लावाचं ते आमी पाहू."

माझंही मत हेच झालंय. जनतेचा पैसा रंगमंचापर्यंत यावा, संहितेत शिरू नये.

सकाळी दोन्ही गट मिळून भाड्याच्या खुर्च्या मोजत होते. दोन कमी भरल्या, आणि कोणाच्या पोरांनी नेल्या यावरून नवा तंटा सुरू झाला.