हेडलाइटचा स्विच: नवा बसवण्याआधी जुना का जळाला ते शोधा

गळीत हंगामात लातूर, धाराशिव, परभणीकडच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. अशा वेळी दोन्ही दिवे एकदम गेले, तर स्टिअरिंगजवळची लाइटची दांडी हलवून ते परत लावण्याएवढा वेळही हातात नसतो. म्हणून ‘दांडी जरा वर दाबली की लागतात’ असं म्हणत महिनोन्‌महिने गाडी चालवू नका. ज्या दिवशी दांडी दाबून धरावी लागली, त्या दिवसापासून तो स्विच आतून जळतोच आहे.

पण लगेच दुकानात जाऊन नवा स्विचही आणू नका. आधी दोष खरंच स्विचचा आहे का, ते बघा.

एकाच बाजूचा दिवा गेला असेल तर स्विच जवळजवळ कधीच कारण नसतो. बल्ब, त्या बाजूचा फ्यूज (बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्यांना वेगळे फ्यूज असतात), बल्बमागचं सॉकेट किंवा अर्थिंग, यांतलं काहीतरी असतं. शेतातल्या घरापुढे उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदराने वायर कुरतडलेली नाही ना, तेही बॉनेट उघडून बघा. डिप्परवर दोन्ही दिवे बंद, पण अप्परवर दोन्ही लागतात, असं असेल तर संशय स्विचवर जातो. मात्र दोन्ही बल्बांची डिप्परची तार उडालेली असू शकते. एक बल्ब महिन्यापूर्वी गेलेला असतो, लक्षात आलेला नसतो, आणि आज दुसरा जातो. बल्ब काढून तार नजरेने तपासायला पाच मिनिटं लागतात. काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने हॅलोजन लवकर जातो.

स्विचची खरी खूण वेगळी असते. अर्धा तास दिवे लावून गाडी चालवल्यावर स्टिअरिंगखालचं कव्हर दांडीजवळ गरम लागतं, जळक्या प्लास्टिकचा वास येतो, दिवे मधूनच मंद होतात, खड्ड्यात आदळल्यावर जातात आणि पुढच्या खड्ड्यात परत येतात.

आता मीटर (मल्टिमीटर). इथे बरेच जण फसतात. बल्बचे कनेक्टर काढून ठेवून, नुसता स्विच चालू करून व्होल्टेज बघितलं तर जळक्या स्विचमधूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. केसाएवढा सांधा उरला असला तरी मीटरला तो पुरतो, बल्बला पुरत नाही. म्हणून मोजमाप दिवे लावूनच करायचं. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. स्विचचा कनेक्टर जागेवरच असू द्या. मागच्या बाजूने पिनांना टोकं लावा, एक स्विचमध्ये येणाऱ्या वायरला, दुसरं डिप्परच्या वायरला. स्विच चांगला असेल तर फरक ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. ०.५ व्होल्टच्या वर गेला तर तो स्विच संपला समजा.

०.५ व्होल्ट ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हिशोब करून बघा. नेहमीचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा. डिप्परवर दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. अर्धा व्होल्ट गुणिले ९ म्हणजे साडेचार वॅट उष्णता स्विचच्या आत करंट जोडणाऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यावर. एक व्होल्ट पडला तर ९ वॅट. एवढ्या उष्णतेत आजूबाजूचं प्लास्टिक हळूहळू मऊ होतं, ठिपका खाली बसतो, सांधा आणखी सैल होतो, उष्णता आणखी वाढते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि काळ्या मातीची बारीक धूळ. आतलं ग्रीस वाळून धुळीशी मिसळतं आणि ठिपके एकमेकांवर नीट बसत नाहीत.

उजेडाचं नुकसान तर त्याहून मोठं. हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. ‘दिवे मंद आहेत’ म्हणून माणूस १००/९० वॅटचे बल्ब टाकतो. डिप्परचा करंट ९ वरून १५ अँपिअरवर जातो, सांध्यातली उष्णता अडीचपटीच्याही वर. बऱ्याच जळालेल्या स्विचमागे हेच कारण सापडतं. हे बल्ब नियमातही बसत नाहीत आणि समोरच्याचे डोळे दिपवतात.

एक गोष्ट आधीच माहीत हवी. अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत स्विच प्लस तोडत नाही, अर्थिंग तोडतो. बल्बच्या सामाईक पिनला प्लस आधीच येऊन थांबलेला असतो. अशा गाडीत बल्बच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्पने तपासणारा नेमका उलटा निष्कर्ष काढतो. स्विचच्या आरपार मोजण्याची वरची पद्धत मात्र दोन्ही प्रकारांत चालते. गाडीत हेडलाइट रिले (छोट्या करंटने बल्बचा मोठा करंट चालू-बंद करणारा वेगळा स्विच) असेल तर दांडी फिरवताना त्याची टिक ऐका. टिक येते पण दिवे नाहीत, तर स्विच सोडून रिले, फ्यूज आणि पुढची वायरिंग बघा. बऱ्याच नवीन गाड्यांत दांडी फक्त कंट्रोल युनिटला इशारा देते, तिच्यातून बल्बचा करंट जातच नाही. तिथे स्कॅनर (कंट्रोल युनिटमधले दोष वाचणारं यंत्र) लावल्याशिवाय काही बदलू नका.

स्विच काढताना पुढची चाकं सरळ ठेवा, किल्ली काढा, बॅटरीची मायनस १० नंबरच्या पान्याने सोडा. एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर दहा मिनिटं थांबा. स्टिअरिंगखालच्या कव्हरचे स्क्रू खालून असतात, काही गाड्यांत एखाद-दुसरा स्टिअरिंग अर्धं फिरवल्यावर समोरून दिसतो. कव्हरचे दोन भाग एकमेकांत लॉक असतात, जोडावर चपटं प्लास्टिक सरकवून सोडवा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर कान तुटतो. बऱ्याच गाड्यांत लाइटची दांडी दोन स्क्रूंनी किंवा वरखालच्या क्लिपांनी अडकलेली असते आणि बाजूला सरकून निघते, स्टिअरिंग काढावं लागत नाही. जिथे पूर्ण कॉम्बिनेशन स्विच काढायचा तर एअरबॅग आणि स्टिअरिंग उतरवावं लागतं, तिथे काम वर्कशॉपला द्या. एअरबॅगची गोल फिरणारी पट्टी जागेवरून फिरली आणि तशीच बसवली तर पूर्ण वळणावर तुटू शकते. फोक्सवॅगन, स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर गोल बटण असतं. ते बंद स्थितीत आत दाबून किंचित उजवीकडे फिरवायचं आणि तसंच बाहेर ओढायचं.

कनेक्टर काढताना कान दाबून प्लास्टिक धरून ओढा, वायर धरून नाही. आता तो उजेडात नीट बघा. पांढरं प्लास्टिक एकाच पिनभोवती आधी पिवळं, मग तपकिरी, मग काळं होत गेलेलं दिसेल. आतलं पितळी टर्मिनल निळसर-काळं आणि त्याची पकड गेलेली. जुन्या स्विचची पिन त्यात घालून बघा, चांगल्या टर्मिनलमधून ती जोर लावून ओढावी लागते, जळक्यातून अलगद सुटते. नवा स्विच फुकट जातो तो इथेच. नव्या स्विचची पिन त्याच जळक्या टर्मिनलमध्ये बसवली की काही महिन्यांत तोही जळतो. ते टर्मिनल बदला किंवा वायरसकट नवा कनेक्टर जोडा. काळी पडलेली वायर चकाकतं तांबं दिसेपर्यंत मागे कापा, जोड क्रिंप किंवा सोल्डर करून श्रिंक ट्यूब चढवा. पीळ मारून टेप गुंडाळणं इथे चालत नाही, उन्हात टेपचा डिंक वितळतो.

स्विच घेताना जुना हातात घेऊन जा. त्याच्यावरचा पार्ट नंबर जुळवा, पिना मोजा. एकाच मॉडेलमध्ये फॉग लॅम्पसहित आणि फॉग लॅम्पविना असे वेगळे स्विच येतात, दिसायला सारखेच. स्विच उघडून ठिपके पॉलिश पेपरने घासण्याचा उपाय रात्रीपुरता घरी पोचवेल, पण ठिपक्यांचा मुलामा निघून जातो.

गाडीत मुळातून रिले नसेल तर नवा स्विच बसवतानाच अप्पर आणि डिप्परला वेगळे रिले घाला. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून एका वितीच्या आत २० अँपिअरचा फ्यूज, अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर. रिलेच्या ८६ पिनेला स्विचकडची वायर, ८५ ला अर्थिंग, ३० ला बॅटरी, ८७ वरून बल्ब. मग स्विचमधून ९ अँपिअरऐवजी एका अँपिअरचा छोटा अंशच जातो. अर्थिंग तोडणाऱ्या गाडीत तयार किट सरळ बसत नाही, कारण त्यात ८५ नंबर थेट बॉडीला दिलेला असतो. तिथे ८५ आणि ८६ दोन्ही जुन्या एच-४ सॉकेटच्याच पिनांवर घ्यावे लागतात. रिलेच्या आत डायोड असेल तर प्लस-मायनस उलटं चालत नाही.

कव्हर लावण्याआधी सगळं चालवून बघा: पार्किंग, डिप्पर, अप्पर, पास, इंडिकेटर आणि वळणानंतर त्याचं आपोआप बंद होणं, वायपर, हॉर्न. मग इंजिन चालू ठेवून दिवे अर्धा तास लावून ठेवा आणि कनेक्टरला हात लावा. तो कोमटापेक्षा जास्त गरम लागला तर कव्हर बसवू नका, मीटर घेऊन तोच सांधा पुन्हा मोजा.