बारा खाटांसाठी कर्ज मिळवताना

शासकीय रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर ठाण्यात कोलशेत रस्त्यावर एक जुना बंगला भाड्याने घेऊन बारा खाटांचे वृद्धनिवास सुरू करावे, असे मी ठरवले. रॅम्प, डोक्याकडची बाजू वर करता येणाऱ्या फाऊलर खाटा, इन्व्हर्टर, दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि स्वयंपाकघर धरून खर्च १८ लाखांवर गेला. लहान उद्योगांना कर्ज देणाऱ्या मुद्रा योजनेतील 'तरुण' नावाच्या कर्जगटाची मर्यादा १० लाखांची, त्यामुळे ती वाट मी लगेच सोडली आणि नव्या उद्योगाला बँक कर्जाबरोबर सरकारी अनुदान देणाऱ्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाकडे वळले. तेथे सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो, १८ वर्षांवरील कोणालाही अर्ज करता येतो आणि वयाची वरची मर्यादा नाही. ५९व्या वर्षी उद्योजक होणाऱ्या बाईला ही शेवटची तरतूद फारच सोयीची वाटली.

महिला अर्जदार आणि शहरी भाग म्हणून माझा स्वतःचा वाटा ५ टक्के, म्हणजे ९० हजार रुपये होता आणि अनुदान २५ टक्के, म्हणजे साडेचार लाख. माझा वाटा वजा जाता उरलेले सगळे १७ लाख १० हजार बँकेने द्यायचे. कारण अनुदान लगेच हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीच्या रूपात अडकून राहते, त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँकही व्याज लावत नाही. पुढे प्रत्यक्ष पाहणी समाधानकारक झाली, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. हे मला बऱ्याच उशिरा कळले. तोवर मी साडेचार लाख मनातल्या मनात खर्चूनही टाकले होते.

अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत बँकेकडे गेला आणि खरी अडचण तेथे आली. पहिल्या शाखेतील अधिकाऱ्यांनी 'वृद्धाश्रम' हा शब्द वाचला आणि "मॅडम, हे तर धर्मादाय काम, तुम्ही देणग्या का नाही मागत?" असे विचारले. तो अर्ज नामंजूर झाला. नौपाड्यातील आमच्या सनदी लेखापालांनी प्रकल्प अहवालात 'ज्येष्ठ नागरिक शुश्रूषा केंद्र' असे नाव घातले आणि लहान उद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीत वृद्ध व अपंगांच्या निवासी देखभालीचा ८७३० हा वर्ग निवडला. शिवाय दरमहा २४ हजार रुपये शुल्क, दोन पाळ्यांतील आया, किराणा आणि भाडे असा हिशेब मांडून आठ खाटा भरल्या की हप्ता निघतो, हे पानभर आकड्यांत दाखवले. दुसऱ्या बँकेने मग फक्त त्या आठ खाटांविषयीच प्रश्न विचारले. काम तेच होते, पण आधी ते दया म्हणून वाचले गेले आणि आता धंदा म्हणून.

भाडेकराराने मात्र दोन महिने खाल्ले. मालक ११ महिन्यांचा करार देण्यास तयार होते, तर कर्जाची मुदत सात वर्षांची होती. शेवटी ६० महिन्यांचा नोंदणीकृत करार आणि पुढे नूतनीकरणाची लेखी हमी यावर बँक राजी झाली. तारण द्यावे लागले नाही, कारण सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी निधीचे संरक्षण घेण्यात आले. त्याचे शुल्क मीच भरले. भावाला वाटले, आता कर्ज बुडाले तरी सरकार भरेल. त्याला समजावून सांगावे लागले की ही हमी बँकेला आहे, मला नाही, आणि वसुली माझ्याकडूनच होणार.

मंजुरीनंतर दहा दिवसांचे उद्योजकता प्रशिक्षण घेतले. त्यातील रोखीच्या प्रवाहाचा एक दिवस उपयोगी पडला, बाकीचे नऊ दिवस कसेबसे गेले. पहिला हप्ता देय झाला तेव्हा सात खाटा भरलेल्या होत्या आणि उरलेली रक्कम मी निवृत्तिवेतनातून भरली.