मादामच्या वर्गातला सप्टेंबर

"आई, आमच्या मादामला इंग्लिश येतच नाही." पिवळ्या बसमधून उतरल्या उतरल्या मनूनं पहिल्यांदा हे सांगितलं, मग पाठीवरचं दप्तर माझ्या हातात दिलं. पुढे घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

तो दिवस मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लेबर डेचा, म्हणजे कामगार दिनाच्या सुट्टीचा, सोमवार संपला की बहुधा दुसऱ्या दिवशी शाळा उघडते. आपल्याकडे जूनच्या पावसात, नव्या वह्यांना खाकी कव्हर घालून शाळा सुरू होते. इथे उन्हाळा सरत आलेला असतो, आणि वह्यापुस्तकांऐवजी वर्गात घालायचे वेगळे बूट, नाव घातलेली पाण्याची बाटली आणि (कुणाला ॲलर्जी असेल म्हणून) शेंगदाण्याचा कणही नसलेला डबा द्यायचा असतो. आमच्या घरात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात डबा हाच मोठा अभ्यास होता.

मनू बालवाडीची दोन वर्षं इंग्रजीतून शिकली. पहिलीपासून तिला फ्रेंच इमर्शनला घातलं. म्हणजे फ्रेंच हा एक विषय म्हणून नाही, तर गणितापासून गाण्यांपर्यंत बरंच काही फ्रेंचमधूनच. सरकारी शाळा, वेगळी फी नाही. मात्र मागणी जास्त आणि फ्रेंचमधून शिकवणारे शिक्षक कमी, म्हणून आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून जागा देतात. थंडीत अर्ज भरला, वसंतात नंबर लागला, तेव्हा मी पेढे केले होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र रात्री झोप लागेना. घरी मराठी, अंगणात इंग्रजी, आता शाळेत फ्रेंच. सहा वर्षांच्या जिवावर आपण किती ओझं टाकतोय?

पहिले पंधरा दिवस मनू शाळेतून यायची ती दमून. सोफ्यावर आडवी व्हायची आणि काही विचारलं की भिंतीकडे तोंड करायची. दिवसभर कान देऊन ऐकणं म्हणजे काय कष्ट असतात, ते मला माहीत आहे. कऱ्हाडला दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी अकरावीला पुण्यात इंग्रजी वर्गात बसले, तेव्हा संध्याकाळी माझंही डोकं असंच ठणकायचं. फरक इतकाच की मला कुणी हातवारे करून शिकवलं नाही.

मादाम करतात. (इथे फ्रेंचच्या बाईंना सगळी मुलं मादामच म्हणतात.) "एकुते" म्हणताना त्या कानामागे हात धरतात, "आसेये-व्हू" म्हणताना स्वतः खाली बसतात. दारात बोंझूर, काही मागताना सिल व्हू प्ले, म्हणजे प्लीज, आणि निघताना ओरव्हार. रोज सकाळी कॅलेंडरसमोर आज कोणता वार, कोणती तारीख, बाहेर ऊन की पाऊस, हे तेच तेच, त्याच चालीत. भिंतीवर प्रत्येक वस्तूला तिच्या नावाची चिठ्ठी. पहिल्या आठवड्यात पाठ झालेलं वाक्य सगळ्यांचं सारखंच: "झ पो आले ओ त्वालेत?" म्हणजे, मी बाथरूमला जाऊ का? मुलं आधी गरजेचं शिकतात. आणि मुलं इंग्रजीत काही म्हणाली तर मादाम रागवत नाहीत. ऐकून घेतात, तेच फ्रेंचमध्ये म्हणून दाखवतात आणि पुढे जातात. भाषांतर करून सांगत नाहीत. या पद्धतीचा कणा तोच आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर पालकांची सभा झाली. छोट्या खुर्च्यांवर आम्ही आईबाप बसलो होतो. पंजाबी, उर्दू, तमिळ, अरबी, टॅगालॉग बोलणारी घरं. बहुतेकांचा प्रश्न एकच, की आम्हाला फ्रेंच येत नाही, अभ्यास कसा घ्यायचा? मादाम म्हणाल्या, घेऊच नका. घरी तुमची जी भाषा आहे तिच्यात रोज गोष्ट वाचा. ज्या मुलाला घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगता येते, ते फ्रेंचमध्येही सांगायला शिकतं. मी तर इंग्रजी वाढावं म्हणून रात्रीची मराठी गोष्ट बंद करायच्या बेतात होते. त्या रात्री घरी येऊन कपाटातली मराठी पुस्तकं पुन्हा खाली काढली.

मग मी या इमर्शनबद्दल वाचायला लागले. सुरुवात क्युबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातल्या सेंट-लँबर्ट गावाची, माँट्रिअलला लागून, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या काठावरची. १९६०च्या दशकात तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या लक्षात आलं, की आपली मुलं फ्रेंच शेजाऱ्यांमध्ये वाढतात, शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकतात, पण दोन वाक्यं धड बोलू शकत नाहीत. त्यांनी शाळा मंडळाच्या मागे लागून सप्टेंबर १९६५ मध्ये बालवाडीचा एक प्रायोगिक वर्ग सुरू करून घेतला, पूर्ण फ्रेंचमधला. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी ती मुलं वर्षानुवर्षं अभ्यासली. मुलांचं फ्रेंच चांगलं झालं आणि इंग्रजीही मागे पडलं नाही. १९६९ च्या कायद्यानं इंग्रजी आणि फ्रेंच या देशाच्या अधिकृत भाषा ठरल्या, आणि हे वर्ग कॅनडाभर पसरले. आज ऑन्टारिओत आठवी संपेपर्यंत इमर्शनच्या मुलाचे किमान ३८०० तास फ्रेंचमधून व्हावे लागतात.

पण लँबर्ट यांनी आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, आणि ती माझ्या मनातून जात नाही. दुसरी भाषा कधी पहिलीत भर घालते, तर कधी पहिलीला खाऊन टाकते. सेंट-लँबर्टच्या मुलांचं इंग्रजी सुरक्षित होतं. दुकानात, टीव्हीवर, रस्त्यात सगळीकडे तेच. म्हणून फ्रेंच ही भर. मनूच्या मराठीला या गावात असा कुणाचाच आधार नाही. आम्ही दोघं, व्हिडिओवरची आजी, आणि शनिवारची दोन तासांची मराठी शाळा. तिच्या बाबतीत फ्रेंच भर ठरेल की नाही, हे मादामच्या हातात नाही. ते आमच्या स्वयंपाकघरात ठरणार आहे.

आणि गंमत अशी, की मराठीच तिच्या मदतीला धावली. इंग्रजी बोलणारी मुलं 'ताब्ल' (टेबल) ला 'टाब्ल' म्हणतात, कारण त्यांच्याकडे दाताला जीभ लावून म्हणायचा 'त' नाही. फ्रेंचचे त आणि द आपल्यासारखेच. मनूचे उच्चार ऐकून मादामनी मला मुद्दाम थांबवून विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? निर्जीव वस्तूला लिंग असतं याचंही तिला नवल वाटलं नाही. खिडकी 'ती', शाळा 'ती', तशी फ्रेंचमध्येही फनेत्र आणि एकोल स्त्रीलिंगीच. पुस्तकाला मात्र 'ते' सोडून 'तो' म्हणावं लागतं, त्यावर तिनं आजीकडे तक्रार केली.

वर्गातल्या भिंतीवर शंभरपर्यंतचा तक्ता होता. त्यात ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे चार वीस. मी ते आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, माझी आजी असंच मोजायची की! चार विसा आंबे, पाच विसा आंबे." मनूनं फोन हातात घेतला आणि विचारलं, "पणजीआजीला फ्रेंच यायचं?"

महिन्याच्या शेवटी, ३० सप्टेंबरला, सगळी मुलं नारिंगी शर्ट घालून शाळेत गेली. इथल्या आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत ठेवत, आणि आपली भाषा बोललं म्हणून शिक्षा करत, त्या पिढ्यांच्या आठवणीचा हा दिवस. मादामनी मुलांना झेपेल इतकंच सांगितलं होतं. मनू घरी येऊन म्हणाली, "त्यांना आईशी बोलायचे शब्दच राहिले नाहीत." मी पोळ्या लाटत होते. हात थांबले. ज्या देशात शाळेनं इतक्या लेकरांच्या तोंडातून भाषा काढून घेतली, त्याच देशात आज शाळेतल्या बाई मला सांगतात, घरी तुमच्या भाषेत वाचा. हे दोन्ही मला लक्षात ठेवायचं आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मनूला मादामचं गुपित कळलं. बस थांब्यावर त्या ड्रायव्हरकाकांशी इंग्रजीत बोलताना तिनं पाहिलं. मला वाटलं, रुसेल. पण ती विचार करून म्हणाली, "त्या मुद्दाम तसं करतात. म्हणजे आम्ही बोलतो." मग थोड्या वेळानं, "आई, तू पण कर ना तसं. तुला मराठीच येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, व्हेअर आर माय सॉक्स? मी डबा भरत राहिले. पुन्हा तीच हाक, जरा मोठ्यानं. मी डब्याचं झाकण लावलं. जिन्यावर पावलं वाजली, आणि दारात येऊन, हसू दाबत, ती म्हणाली, "आई, माझे मोजे कुठे आहेत? सिल व्हू प्ले."

"वाळत घातलेत," मी म्हटलं.